डबा डॉक्टरांनाही दाखवा

‘कर्करोगावर रामबाण’ म्हणून रेशी अळंबीच्या कॅप्सूल विकणारे जपानचा दाखला हमखास देतात. दाखला खरा, पण अर्धाच. तिथे १९८५ मध्ये मान्यता मिळाली ती शिटाके अळंबीतून काढलेल्या लेंटिननला. जठराच्या कर्करोगात ते शिरेतून, केमोथेरपीच्या जोडीने दिले जाई. रेशी ही अळंबीच वेगळी, आणि डब्यातली पूड म्हणजे इंजेक्शन नव्हे. या पुडीच्या भरवशावर कोणी केमोथेरपी लांबवत असेल, तर ते जिवावर बेतू शकते.

कोकणात फणसाच्या खोडावरची अळंबी उगाळून देण्याची जुनी रीत आहे. पण उगाळलेले चाटण वेगळे आणि महिनोन्महिने रोज घेतलेल्या कॅप्सूल वेगळ्या. रेशीमुळे रक्त गोठण्यात अडथळा येऊ शकतो. वॉरफरिन, अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी सांभाळावे. पूड घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

‘आणखी काय घेता?’ असे डॉक्टर क्वचितच विचारतात. विचारलेच तर घरचे म्हणतात, ‘काही नाही, आयुर्वेदिक आहे.’ (रेशी मुळात चिनी औषधपरंपरेतली!) पुढच्या तपासणीला जाताना तो डबा पिशवीत टाका आणि त्यांच्या टेबलावर ठेवा.