वावरात सायकलनं जा, पीक दिसतं

आज खत-फवारणीवर नाही, वावरात जायच्या वाहनावर लिहितो.

आधी हिशोब. माझं वावर गावापासून 3 किलोमीटर. दिवसाला दोन चकरा म्हणजे 12 किलोमीटर. मोटारसायकल लिटरला 50 देते आणि पेट्रोल शंभराच्या पुढं. रोजचे 25 रुपये धरले तरी 300 दिवसांचे साडेसात हजार होतात. 1350 च्या भावानं डीएपीची पाच पोती येतात, वर पैसे उरतात. हप्ता, ऑइल, टायर यात धरलंच नाही.

पण माझा मुद्दा पैशापेक्षा नजरेचा आहे. गाडीवर माणसाचं ध्यान खड्ड्यावर आणि धुऱ्यावरच्या पिकाकडं पाठ. सायकलवाला हळू जातो, वाटेल तिथं पाय टेकतो. कपाशीत पाकळ्या मिटून राहिलेली डोमकळी दिसली की तोडून बघायची, आत गुलाबी बोंडअळी सापडते. सोयाबीनमध्ये पिवळ्या मोझॅकचं पहिलं झाड लवकर दिसलं तर उपटून टाकता येतं. पांढऱ्या माशीनं तो चौफेर पसरवल्यावर काय उपटणार? कामगंध सापळ्याचंही तसंच. सलग 3 दिवस एका सापळ्यात रोज 8 पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्यायचा असतो. पण त्यासाठी रोज उतरून मोजावं लागतं. गाडीवरून नुसतं लांबून बघून कुणाला पतंग मोजता येत नाहीत.

सगळं सायकलवर होत नाही हे मलाही कळतं. खताचं पोतं, फवारणी पंप, पाण्याचा ड्रम याला गाडी-बैलगाडी लागतेच. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डात बसला की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. रात्रपाळीची लाईट असली आणि एकट्यानं पाणी द्यायला जायचं असलं तर गाडीच बरी.

पण दिवसा नुसती चक्कर मारायला, जनावराला बघायला गाडी कशाला? खरी अडचण लाजेची आहे. सायकलवर दिसला म्हणजे पडती आली, असं लोक समजतात. आपल्या पोरी मानव विकास कार्यक्रमातल्या सायकलवर ऐटीत शाळेला जातात, मग बापाला कसली लाज?

दसऱ्याला गाडी धुता, पूजा करता. यंदा कोपऱ्यातली सायकलही काढा, ट्यूबा बदला, चेनला तेल द्या. रस्ते वाळले की महिनाभर वावरात तिच्यावरच जा. खिशात एक वही ठेवा आणि वाटेत पिकात जे दिसेल ते लिहा. महिन्यानं वही आणि पेट्रोलचा खर्च दोन्ही समोर ठेवून तुम्हीच ठरवा.