केकवरचा कर उतरला, बाईच्या कष्टांचं काय?

22 सप्टेंबर 2025 पासून केक, पेस्ट्री आणि बिस्किटांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. बातमी आली तशी आमच्या गावात घरी केक करणाऱ्या मैत्रिणींना ‘आता तुमची चांदी!’ असे फोन गेले. मला मात्र हिशेब जुळेना. कारण घरून केक विकणारी बाई हा कर मुळात लावतच नव्हती. वर्षाला 40 लाखांपर्यंत माल विकणाऱ्याला साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही, आणि आपली ही मैत्रीण महिन्याला दहा-बारा हजारांचे केक विकते. मग कर उतरला कोणाचा? चौकातल्या मोठ्या बेकरीचा. 500 रुपयांच्या केकवर तिथे 90 रुपये कर बसायचा, तो 25 झाला. बेकरीने तो फायदा गिऱ्हाइकाला दिला, तर घरचा केक ‘बेकरीपेक्षा स्वस्त’ म्हणून घेणाऱ्यांचं 65 रुपयांचं कारण गेलं.

तिच्या सामानावरचाही कर उतरला, हे खरं. बटरवर 12 चे 5 झाले, चॉकलेटवर 18 चे 5. पण एका केकला बटर लागून लागतं किती! आणि कोकोचं म्हणाल तर 2024 मध्ये पश्चिम आफ्रिकेत, आयव्हरी कोस्ट आणि घाना या देशांत पीक बुडालं. त्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला 12 हजार डॉलरच्या वर गेला. कुठला घाना आणि कुठलं आपलं तालुक्याचं गाव, पण वाढदिवसाच्या केकचं गणित तिथून हलतं.

म्हणजे स्वस्ताईवर हा धंदा टिकणार नाही. आणि मुळात ही स्वस्ताई येते कुठून, हे एकदा कागदावर मांडून बघा. समजा, अर्ध्या किलोचा चॉकलेट केक 350 रुपयांना दिला. सामान, खोका, बोर्ड, मेणबत्ती धरून 170 रुपये. ओव्हन दीड-दोन हजार वॉटचा, तासाला दीड ते दोन युनिट वीज खातो, त्याचे साधारण 15. उरले 165. आता वेळ धरा. पीठ फेटणं, भाजणं, थंड होईपर्यंत थांबणं, मग आयसिंग, ‘ताई, नावात दीर्घ ई हवी’ असे चार फोन, आणि शेवटी क्रीमची चिकट भांडी घासणं. तीन तास कुठे गेले कळत नाही. तासाला 55 रुपये पडले. एखादा केक वाटेत कलंडला, किंवा उन्हाळ्यात वीज गेली आणि क्रीम उतरलं, तर तेही गेले.

आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी रवा-मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायला रांग लागायची. बेकरीवाला किलोवर भाजणावळ घ्यायचा आणि ती द्यायला कोणाची कुरकुर नसायची. आता भट्टी आपल्या ओट्यावर आली आणि भाजणावळच गायब झाली! भट्टी पुरुषाची होती तेव्हा ती मजुरी होती, बाईची झाली तेव्हा ‘आवड’ झाली. 2020 च्या टाळेबंदीत कितीतरी घरांत हा उद्योग सुरू झाला, तो वेळ जात नव्हता म्हणून. लोकांच्या डोक्यात तो अजून तसाच आहे. नणंदेच्या मुलाचा वाढदिवस असला की पैसे मागायचे कसे, हा प्रश्न उभा. माझं म्हणणं, नात्यात सामानाचे पैसे तरी घ्यावेतच, आणि भेट द्यायची असेल तर वर्षातून एकदाच, मोकळ्या मनाने.

भाव वाढवायचा तर गिऱ्हाइकाला कारण द्यावं लागतं, आणि ते घरच्या केककडे असतं. आपल्याकडे श्रावणात बिनअंड्याचाच केक हवा असतो, जैन घरांना तर बारा महिने. त्यासाठी भांडी, फेटणी वेगळी ठेवणारी बाई डोळ्यांसमोरची असते. हा विश्वास 65 रुपयांहून नक्कीच महाग आहे. त्याला कागदाची जोडही द्यावी. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखालच्या 2011 च्या नियमांनी 12 लाखांपर्यंत उलाढालीच्या छोट्या उत्पादकाला साधी नोंदणी ठेवली, शुल्क वर्षाला 100 रुपये. अर्ज ऑनलाइन होतो. घरगुती आहे म्हणून नोंदणी नको, हा समज चुकीचा.

पण अर्जावर नाव कोणाचं घालणार? विचारते, कारण परवा एकीकडे केक घ्यायला गेले आणि पैसे द्यायला फोन काढला, तर कोडवर नाव यजमानांचं. ‘सगळं घरातच जातं हो काकू,’ ती म्हणाली. जातं ना. पण मोठा ओव्हन घ्यायला बँकेत कर्ज मागायला ती गेली, तर तिच्या खात्यात पाच वर्षांत विकलेल्या केकचा एक रुपयाही दिसणार नाही. उद्योग तिचा, पासबुक कोरं. तिने ऐकून घेतलं, केकचा खोका माझ्या हातात दिला आणि विचारलं, ‘खातं उघडायला काय काय लागतं हो?’