लाट जानेवारीत, आजीचा बूस्टर एप्रिलमध्ये

"लस घेऊनही कोरोना होतेच, मग कायले घ्यायची?" आसगावात घरोघरी फिरताना हा प्रश्न आम्हाला महिनाभरापासून पुन्हा ऐकू येतो आहे. त्यामागे ठाणे जिल्ह्यातल्या खडवलीजवळच्या वृद्धाश्रमाची बातमी आहे. नोव्हेंबर 2021 च्या अखेरीस तिथले 62 रहिवासी बाधित निघाले. त्यातल्या 55 जणांचे दोन्ही डोस झाले होते. मोबाईलवर फिरली ती एवढीच गोष्ट.

बाधितांपैकी अनेकांना लक्षणेच नव्हती, हा भाग कोणी पुढे पाठवला नाही. शिवाय जिथे जवळपास सगळ्यांनीच लस घेतली आहे, तिथे बाधितांमध्ये लसवंतच जास्त दिसणार. बघायचे असते ते प्रमाण. तामिळनाडू पोलिसांचा आयसीएमआरने मांडलेला हिशेब घ्या. दुसऱ्या लाटेत लस न घेतलेल्या सुमारे 17 हजार पोलिसांपैकी 20 जण दगावले. दोन्ही डोस घेतलेल्या सुमारे 67 हजारांपैकी 4.

पण पोलीस कामावरची माणसे. सत्तरीच्या आजीला तोच आकडा लावून चालणार नाही, आणि कार्यकर्त्यांनी तो लावूही नये. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये लशीमुळे संसर्गापासून मिळणारे संरक्षण 2021 च्या वसंतात सुमारे 75 टक्के होते. डेल्टा आल्यावर, जून-जुलैत, ते 53 टक्क्यांवर आले. म्हाताऱ्या शरीरात लशीचा जोर आधीच कमी उमटतो, दिवस जातील तसा तो आणखी उतरतो. त्यात विषाणू आत येतो तो सेवा करणाऱ्या, बाहेर ये-जा करणाऱ्या माणसांबरोबर.

आमच्याकडे वृद्धाश्रम नाही, घरच वृद्धाश्रम आहे. मुलगा नागपूरला, नातू पुण्याला, आणि सणावारी सगळे त्याच दोन खोल्यांत. ऑगस्ट 2021 मध्ये भंडारा जिल्ह्यात एकही सक्रिय रुग्ण उरला नाही म्हणून कौतुक झाले. तोवर जिल्ह्यात अकराशेवर माणसे गेली होती, हे त्या कौतुकात मागे पडले.

आता तारखांकडे बघू. साठीपुढच्यांचे लसीकरण 1 मार्च 2021 ला सुरू झाले. अफवा, भीती आणि मोबाईलवरची नोंदणी यात आमच्या वस्तीतल्या अनेकांचा पहिला डोस एप्रिलवर गेला. मे महिन्यात कोविशील्डच्या दोन डोसांमधले अंतर 12 ते 16 आठवडे झाले. म्हणजे दुसरा डोस जुलैत, ऐन रोवणीत! चिखलातली मजुरी सोडून ताप ओढवून घ्यायला कोण जाणार? ज्यांनी तरीही घेतला, त्यांना तेव्हाच्या नियमाप्रमाणे बूस्टरसाठी नऊ महिने थांबावे लागणार होते. 10 जानेवारी 2022 ला मोहीम सुरू झाली, पण त्यांची पाळी होती एप्रिलमध्ये. ओमायक्रॉन तोवर थांबणार नव्हता.

दुसरी अट आम्हाला जास्त खटकली. जानेवारी 2022 मध्ये साठीपुढच्यांपैकी बूस्टर फक्त सहव्याधी असणाऱ्यांना होता. प्रमाणपत्र लागणार नाही असे केंद्राने सांगितले, हे बरे झाले. पण जिने आयुष्यात कधी साखर तपासली नाही, बीपीचा पट्टा दंडाला बांधला नाही, तिने आपल्याला काय व्याधी आहे हे सांगायचे कसे? ज्याची तपासणी होते त्याचीच व्याधी कागदावर येते. शहरातल्या पेन्शनरची येते, मजूर बाईची येत नाही. ही अट कोणाला बाहेर ठेवत होती ते उघड आहे.

म्हणून लसीकरणाच्या दिवशीच बीपी आणि साखर तपासा, ही मागणी प्रत्येक गावातून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे लेखी गेली पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस देणे अशक्य नाही. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्यावर मुंबईत तेच सुरू झाले. आणि तरुणांनो, तुमचा स्वतःचा दुसरा डोस राहिला असेल तर आजीच्या डोसाबद्दल बोलण्याआधी तो घ्या.

येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात वही घेऊन बसणार आहोत. ज्यांच्या घरी साठीपुढचे कोणी आहे, त्यांनी दोन्ही डोसांच्या तारखा लिहून आणाव्यात. एकच डोस झाला असेल तरी यावे, एकही झाला नसेल तर आधी यावे.