पत्र्याचं गाढव आणि आपण

प्रोफेशनल एथिक्सचा तास म्हणजे मागच्या बाकावर जर्नल उतरवायची हक्काची वेळ, यावर सगळ्या ब्रँचचं एकमत आहे. 'आपण डिझाइन करायचं, पुढचं मॅनेजमेंट बघेल' हे त्यामागचं तत्त्वज्ञान. मला ते पटत नाही. का, ते सांगण्यासाठी एका प्रोफेसरांची गोष्ट सांगतो. घाबरू नका, अटेंडन्स नाही!

ह्यूगो युंकर्स. मूळ विषय उष्णता. १८९५ मध्ये जर्मनीतल्या डेसाऊला त्यांनी कारखाना काढला तो विमानांचा नव्हे, अंघोळीच्या गॅस गिझरचा! (हॉस्टेलवासीयांनी इथे दोन मिनिटं आदराने उभं राहावं.) दोन वर्षांनी ते आखेनला प्राध्यापक झाले आणि तिथेच विमानांचं वेड लागलं.

त्या काळी विमान म्हणजे लाकडी सांगाडा, वर कापड आणि पंख धरून ठेवायला तारांचं जाळं. या तारा हवेला अडवायच्या. युंकर्सनी उलटा विचार केला: पंखच जाड करा, आधार आत बसवा, तारा हव्यात कशाला? १९१० मध्ये त्यांनी तसं पेटंट घेतलं. डिसेंबर १९१५ मध्ये त्यांचं पोलादी पत्र्याचं 'जे १' उडालं, तेव्हा लोकांनी त्याला नाव ठेवलं 'पत्र्याचं गाढव'! पुढे पोलादाच्या जागी हलकं ड्युरॅल्युमिन आलं. पातळ पत्र्याला ताठपणा यावा म्हणून तो पन्हाळी केला, अगदी आपल्या सायकल स्टँडच्या छपरासारखा. म्हणजे वजन फारसं न वाढवता मोमेंट ऑफ इनर्शिया वाढवला. त्यातून १९१९ चं 'एफ १३' झालं: बंद केबिन, चार प्रवासी, जगातलं पहिलं संपूर्ण धातूचं प्रवासी विमान.

आता दुसरी बाजू. युंकर्स काही संत नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्कराला विमानं दिली. नंतर जर्मन लष्कराच्या गुप्त पाठबळावर मॉस्कोजवळ फिलीला कारखाना चालवला. त्या व्यवहारातून सरकारशी पैशाचा वाद झाला. १९२६ मध्ये त्यांची विमान वाहतूक कंपनी लुफ्त हान्सामध्ये विलीन झाली. १९३२ च्या तंगीत गिझरचा धंदा बॉशला विकावा लागला. आणि १९३३ मध्ये नाझी आले. देशद्रोहाच्या खटल्याची धमकी देऊन त्यांनी आधी पेटंटं घेतली, मग कंपनीचे ५१ टक्के शेअर्स. युंकर्सना डेसाऊतून हद्दपार करून नजरकैदेत ठेवलं. ३ फेब्रुवारी १९३५ ला, आपल्या ७६ व्या वाढदिवशी, ते वारले.

कंपनीवर नाव मात्र त्यांचंच राहिलं. त्याच वर्षी स्टुका बाँबर पहिल्यांदा उडालं. १९३७ मध्ये स्पेनच्या गेर्निका गावावर बाँब टाकणाऱ्यांत 'युंकर्स ५२' होती. जगातलं पहिलं मोठ्या प्रमाणावर बनलेलं जेट इंजिन, 'युमो ००४', हेही याच कंपनीचं. त्याच्या अ‍ॅक्सियल कॉम्प्रेसरचं आपण कौतुक करतो. पण ते बनवायला छळछावणीतले कैदी जुंपले होते, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: सुरीने भाजीही चिरता येते आणि गळाही, त्यात सुरी करणाऱ्याचा काय दोष? मित्रांनो, १९३३ मध्ये युंकर्सपुढे फारसे पर्याय नव्हते हे मान्य. पण मालकाला बाहेर काढल्यावरही ड्रॉइंग बोर्डवरचं काम सुरूच राहिलं ना? ते करणारे आपल्यासारखेच होते. हुशार, मेहनती आणि 'फक्त डिझाइन' करणारे. सुरी कुणाच्या हातात आहे, हे त्यांना दिसत होतं.

म्हणून सर्व स्टाफला एक विनंती. आमच्या फायनल इयरच्या रिपोर्टमध्ये 'अ‍ॅप्लिकेशन्स' नावाचं एक पान असतं. सिनिअरच्या रिपोर्टमधून चार ओळी उचलल्या की ते भरतं. त्या पानावर दोन प्रश्न सक्तीचे करा: हे यंत्र कुणाच्या हातात जाणार? आणि नको त्या हातात गेलं तर काय होईल? आणि व्हायवात त्यावर मार्क ठेवा. मार्क असले की आम्ही विचार करतो, हे तुम्हाला काय सांगायचं!