भविष्णू कोण, हे ठरवायचे कोणी? उजनीकाठचे फड आणि ‘वस्तादाच्या नजरे’ची दंतकथा

१/ समाजमाध्यमांवर एक विधान वारंवार फिरते : अमेरिकेला खेळाडू पारखण्यासाठी आकडेशास्त्र लागले, मराठी मातीतल्या वस्तादाला मात्र पोराचे मनगट पाहताच मल्ल कळत असे. विधान कानाला गोड लागते. इतिहास म्हणून ते टिकत नाही. आणि ज्या परंपरेचा गौरव करू पाहते, तिचेच अवमूल्यन करते.

२/ कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात आजचा सोलापूर जिल्हा मोडत असे. त्या घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मल्लांची प्रतवारी आहे : ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक, गोवल. विशीपर्यंतच्या होतकरू पोरासाठी तर स्वतंत्र संज्ञा आहे, ‘भविष्णू’. म्हणजे होऊ घातलेला. तिशी गाठलेला मल्ल लढतीस योग्य मानला जात नसे. वय, बळ, दम, कौशल्य असे निकष ज्या प्रदेशात नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले गेले, तिथल्या पारखीला ‘दैवी नजर’ म्हणणे हा तिचा सन्मान नव्हे.

३/ बेसबॉलचे पारखीही पाच गुण वेगवेगळे पाहतात : फटक्यातील सातत्य, फटक्याची ताकद, धाव, क्षेत्ररक्षण आणि फेक. प्रत्येकाला २० ते ८० या पट्टीवर अंक मिळतात. ५० म्हणजे सर्वसाधारण. तरीही देखण्या शरीरयष्टीला ही अनुभवी मंडळी कशी भुलतात, हे २००३ साली मायकेल लुईस यांच्या ‘मनीबॉल’ने चव्हाट्यावर आणले.

४/ नेमकी तीच भूल इकडेही पडली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांची किरकोळ अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी वार्षिक स्पर्धेत नाव घेण्यास नकार दिला आणि त्यांना प्राचार्यांकडे दाद मागावी लागली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. १९५२ च्या निवडीतही एका गुणाने मागे ठेवल्यावर त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे तक्रार केली, पुन्हा लढत मिळवली आणि जिंकली. त्याच वर्षी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. निव्वळ नजरेवर निर्णय सोडला असता, तर हे नाव कोणाला ठाऊक नसते.

५/ मग पारख होत होती कुठे? फडात. भीमाकाठच्या गावजत्रेतील कुस्त्यांचे मैदान हीच खरी चाचणी. आरंभी रेवड्यांवर, नारळावर चिमुरड्यांच्या कुस्त्या. मग इनाम चढत जाते आणि अखेरीस मोठी जोड. हात उंचावून पोरगा मैदानाला फेरी मारतो, जोडीदार मागतो. जाणती माणसे दोघांना शेजारी उभे करतात, उंची, वजन, तालीम, वस्ताद विचारतात. ‘जोड लावणे’ या दोन शब्दांत एक संपूर्ण मूल्यमापनशास्त्र सामावले आहे. विजोड कुस्ती लावली की भोवतालची गर्दी तिथल्या तिथे हुर्यो उडवते. म्हणजे परीक्षकाचीही परीक्षा. खडाखडीत कोण दमतो, पट काढताना कोण घाई करतो, बरोबरीत सुटलेली कुस्ती पुढच्या गावात पुन्हा लागल्यावर काय घडते, हे सारे शेकडो डोळ्यांत साठत जाई. एका मोसमात एकच पोरगा अनेक मैदानांत दिसे. एका वस्तादाची नजर चुकेल. इतक्या फडांचा निकाल सहसा चुकत नाही.

६/ १९६६ साली भीमेवर उजनी धरणाचे काम सुरू झाले आणि १९८० साली ते पूर्ण झाले. करमाळा, इंदापूर, कर्जत या तालुक्यांतील गावे जलाशयाखाली गेली. पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते, त्याची छायाचित्रे दर उन्हाळ्यात हौसेने पसरवली जातात. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमीन मोजली, घर मोजले, झाडे मोजली. जोड लावणाऱ्या माणसाच्या स्मरणाला त्या निवाड्यात रकानाच नव्हता. विस्थापितांचे गाव नव्या जागी वसते. कोणत्या गावचे पोर कोणाशी लढले होते याचा हिशेब मात्र विखुरतो. या नुकसानीची छायाचित्रे निघत नाहीत.

७/ आणि आजचे मूल्यमापन? २०१८ साली जालन्यात अभिजित कटके यांना हरवून बाला रफिक शेख महाराष्ट्र केसरी झाले. नोंद झाली बुलढाण्याच्या नावे. ते मूळचे करमाळा तालुक्यातील खडकीचे. पदकतालिका पाहून कुठल्या जिल्ह्यात मल्ल घडतात हे ठरवणाऱ्याला ही खडकी कधीच दिसणार नाही. (तालिका म्हणजे वस्तुनिष्ठता, ही तर दंतकथेहून अधिक प्रतिष्ठित अंधश्रद्धा.) जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात सोलापूर जिल्ह्याच्याच महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या लढतीतील चार गुणांवरून वाद पेटला, चित्रफीत पुन्हापुन्हा पाहूनही जाणकारांचे एकमत झाले नाही.

८/ मैदानाची छापील जाहिरातपत्रके मात्र अजून हाती लागू शकतात : तारीख, गाव, जोडीतील दोन्ही नावे, तालीम, इनाम. त्यांच्यावरून एखाद्या भविष्णूचा पाचसहा जत्रांमधला प्रवास मांडता येईल. ‘मनगट पाहून मल्ल ओळखत’ असे लिहिणाऱ्यांनी पुढचे चित्र चिकटवण्याआधी असे एखादे पत्रक तरी शोधून दाखवावे.