अमेरिकन रायफलीचा सोस आणि मावळचें रान

सुशिक्षित मंडळींच्या बैठकींत अलीकडे एक नवाच विषय निघूं लागला आहे. अमेरिकेंत जुनी लिव्हरची रायफल पुन्हां प्रचारांत आली, तिला नवा साज चढला, काडतुसें घरच्या घरीं भरण्याचीं यंत्रेंही तेथील दुकानांत राजरोस मिळतात. मग आम्हां भारतीयांसच या वस्तूंची बंदी कां, असा हा प्रश्न आहे. प्रश्न विचारून ही मंडळी थांबत नाहींत. पुण्याहून लोणावळ्यास जातांना शिरगांव, सोमाटणें, तळेगांव या बाजूस ज्यांनीं जमिनी घेऊन बंगले बांधले, त्यांपैकीं कित्येकजण आतां स्वतःस मावळे म्हणवूं लागले आहेत, आणि शस्त्र हा मावळ्याचा जन्मसिद्ध हक्क असल्याचें बजावून सांगतात. हा युक्तिवाद दिसावयास जितका तेजस्वी तितकाच आंतून पोकळ आहे.

रायफलीची रचना मोठी युक्तीची आहे, हें मी आधींच मान्य करतों. चापाभोंवतालचें कडें खालीं ओढलें कीं रिकामी पुंगळी बाहेर उडते व घोडा चढतो. कडें वर घेतलें कीं नवें काडतूस नळींत जाऊन बसतें. दुसऱ्या गोळीसाठीं बंदूक खांद्यावरून उतरावी लागत नाहीं. बेंजामिन हेन्री याची १८६० ची रायफल अमेरिकेच्या यादवी युद्धांत गाजली; पुढें १८७३ ची विंचेस्टर निघाली, आणि जॉन ब्राउनिंग यानें रचलेली १८९४ ची रायफल तर सत्तर लाखांहून अधिक खपली. १८७७ सालीं प्लेव्हनाच्या वेढ्यांत तुर्कांनीं याच जातीच्या रायफलींनीं चालून आलेल्या रशियन फौजेची दाणादाण उडविली. परंतु या बहुतेक रायफलींत काडतुसें नळीखालच्या नळकांड्यांत एकामागें एक, पहिल्याच्या बुडास दुसऱ्याचें टोंक लावून, ठेवावीं लागतात. गोळी अणकुचीदार केली तर धक्क्यासरशी पुढच्या काडतुसाची टोपी फुटण्याचें भय; म्हणून गोळी बोथट, आणि बोथट म्हणून तिचा पल्ला तोकडा. जगांतील बहुतेक सैन्यांनीं याच सुमारास बोल्टची रायफल पत्करली ती उगीच नव्हे. आतां दिवाळें निघालेल्या रेमिंग्टनकडून रुगर कंपनीनें २०२० सालीं मार्लिनचा धंदा विकत घेतला, २०२४ सालीं स्मिथ अँड वेसननेंही आपली लिव्हरची रायफल बाजारांत आणली, आणि लाकडी दस्त्याच्या जागीं काळें प्लॅस्टिक व विजेची बत्ती अडकविण्याच्या पट्ट्या आल्या. आजोबांच्या पागोट्यावर बॅटरी बांधावी तसा हा थाट आहे! अमेरिकन माणसास त्यांत आपल्या पणजोबांची आठवण होत असेल. आमच्या पणजोबांचा तिच्याशीं संबंध काय?

काडतुसें भरण्याच्या विद्येचीही हीच गोष्ट. काडतुसाचे भाग चार: पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी. पैकीं पितळी पुंगळी सर्वांत महाग, आणि बार उडाल्यावरही शाबूत राहणारी. हेन्रीच्या काडतुसांत पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कांठांतच भरलेला असल्यामुळें ती एकदां वापरली कीं निकामी होई. १८७३ च्या रायफलीचें काडतूस मध्यभागीं टोपी असलेलें, म्हणून तें पुन्हां भरतां येऊं लागलें, आणि त्यासाठीं लागणारें चिमट्यासारखें हत्यार कंपनी स्वतःच विकूं लागली. दुकानापासून शेंकडों मैल दूर राहणाऱ्या वसाहतवाल्यास त्याची खरीच गरज होती. आज एका दांड्याच्या ओढीसरशी एक काडतूस पुरें करणारीं यंत्रें आणि दारूचा कण न् कण तोलणारे विजेचे कांटे निघाले आहेत. दारू जास्त पडली तर नळी फुटते, अगदीं कमी पडली तर गोळी नळींतच अडकून बसते. तेव्हां ही विद्या चोख माणसाची आहे यांत वाद नाहीं. पण १९५९ च्या आमच्या शस्त्र कायद्यानें दारूगोळ्याच्या व्याख्येंत काडतुसाचे सुटे भाग आणि तें तयार करण्याचीं यंत्रेंही घातलीं आहेत. कायदा करणारास ही कला ठाऊक नव्हती असें समजणें भाबडेपणाचें होईल.

यावर उत्तर येतें कीं, नेमबाजांसाठीं तरी मोकळीक द्या. कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यानें २०२४ सालीं पॅरिस येथें रायफलींत कांस्यपदक मिळविलें, तें उदाहरण पुढें केलें जातें. पदक खरें, परंतु पन्नास मीटरच्या त्या स्पर्धेंत जें ०.२२ बोअरचें काडतूस लागतें, त्याचा मसाला हेन्रीच्या काडतुसाप्रमाणें कांठांतच असतो. तें घरीं भरण्याजोगें नव्हेच! ज्याच्या नांवानें मागणी करावयाची त्याच्याच उपयोगीं जें यंत्र पडत नाहीं, त्याची वकिली कोणासाठीं चालली आहे?

इतिहासाची साक्ष तर याहून उलट आहे. लिटनच्या कारकीर्दींत १८७८ चा शस्त्र कायदा झाला, त्याविरुद्ध १८८७ च्या मद्रास अधिवेशनांत काँग्रेसनें ठराव केला. युरोपियनास सूट आणि एतद्देशीयास परवाना, या विषमतेची ती चीड होती. एका अख्ख्या राष्ट्राला अविश्वासू ठरविल्याचें तें शल्य होतें. दिवाणखान्यांतील खुंटीवर काय टांगावें हा तो वाद नव्हता.

आणि मावळांत आज शस्त्राचा अनुभव काय आहे? ९ ऑगस्ट २०११ रोजीं पवनेच्या पाण्यासाठीं बऊर येथें रस्त्यावर आलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांच्या गोळ्या चालल्या आणि तिघे ठार झाले. एप्रिल २०२३ मध्यें शिरगांवच्या सरपंचाचा कोयत्यानें खून झाला. लगेच पुढच्या महिन्यांत तळेगांवीं नगरपरिषदेच्या कचेरीबाहेर भरदिवसां एका सार्वजनिक कार्यकर्त्यावर गोळ्या झाडून व वार करून त्याचा प्राण घेण्यांत आला. ज्या तालुक्यांत जमिनीला सोन्याचा भाव आला आहे, आणि कमरेला पिस्तूल दिसलें म्हणजे माणसाची पत वाढते असें तरुण पोरें मानूं लागलीं आहेत, तेथें शस्त्रांची टंचाई हें दुखणें आहे असें कोण म्हणेल? "त्या सरपंचाजवळ बंदूक असती तर", असें म्हणणारांनीं पुढच्याच महिन्यांतील दुसऱ्या प्रकाराचें काय करावयाचें तें सांगावें. बंदूक तेथें होतीच. मारणाराच्या हातीं होती.

मग बंदुकीवर खरा हक्क कोणाचाच नाहीं काय? आहे, आणि तो कायद्यानें स्वतः मान्य केलेला आहे. १९५९ च्या कायद्याच्या तेराव्या कलमांत, पिकाच्या रक्षणासाठीं ठासणीची बंदूक मागणाऱ्यास परवाना द्यावा, अशी आज्ञार्थी भाषा आहे. रायफल मागणाऱ्यानें मात्र सबळ कारण दाखवून अधिकाऱ्याची खात्री पटविली पाहिजे. शेतकऱ्याची ही ठासणीची बंदूक म्हणजे प्रत्येक बार हातानें भरण्याची मूळ विद्या; तिचें कौतुक करणारा एकही लेख माझ्या पाहण्यांत नाहीं. रानडुकरांचा कळप एका रात्रींत भाताचें खाचर लोळवून जातो. त्यास मारावयाचें तर वनखात्याची परवानगी पाहिजे, आणि नुसता बार काढून हुसकवावयाचें तर बंदूक घरीं पाहिजे. ती नेमकी तेव्हांच घरीं नसते. निवडणूक लागली कीं परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यांत जमा करण्याचे हुकूम सुटतात. कोंकणांतील शेतकऱ्यांची ही तक्रार जुनी आहे. विधानसभेचें मतदान २०१९ सालीं २१ ऑक्टोबरला झालें, २०२४ सालीं २० नोव्हेंबरला. म्हणजे दोन्ही वेळां भात कापणीच्या हंगामांत.

ज्यांस शस्त्र कायद्याची सुधारणा मनापासून हवी आहे त्यांनीं आपल्या अर्जांत अमेरिकन रायफल आणि काडतुसांचें यंत्र खोडून पहिली मागणी ही लिहावी: पीकसंरक्षणाच्या परवान्यांची छाननी एकेक करून व्हावी, सरसकट जप्ती होऊं नये, आणि जमा केलेली बंदूक मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशीं शेतकऱ्यास परत मिळावी. अशा अर्जावर सही करण्यास बंगल्यांतील किती मावळे पुढें येतात तें आम्ही पाहूं.