छायाचित्रातली रिकामी जागा रिकामी नसते

एका चुकीची कबुली देऊन सुरुवात करतो. चूक माझी होती, पण तिची शिक्षा नववीतल्या एका मुलाला भोगावी लागली.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारचा हा मुलगा विज्ञान प्रदर्शनासाठी काढलेली छायाचित्रे मला दाखवायला घेऊन आला. विषय होता, गावाचे आटत चाललेले तळे. एका चित्रात खाली उजव्या कोपऱ्यात एकटा बगळा उभा होता आणि उरलेल्या चौकटीभर भेगाळलेला गाळ पसरला होता. मी म्हणालो, "अरे, एवढी जागा फुकट का घालवलीस? बाजूचे कापून टाक आणि बगळा मोठा कर." मी पडलो प्राध्यापक, त्याने ऐकले. प्रदर्शनात परीक्षकांनी विचारले, "या चित्रातून तळ्याविषयी काय कळते?" चित्रात नुसता बगळा! तळे तर मीच कापून टाकले होते. बिचारा गप्प उभा राहिला.

मुख्य विषयाभोवतीच्या अशा मोकळ्या जागेला छायाचित्रकार 'निगेटिव्ह स्पेस' म्हणतात. फिल्मच्या निगेटिव्हशी तिचा संबंध नाही. आकाश, पाणी, कोरी भिंत, अंधार अशी कोणतीही शांत जागा यात येते. माझे मत असे की, ही जागा म्हणजे उरलेसुरले नव्हे. चित्र जे सांगते त्यातला निम्मा वाटा तिचा असतो. विज्ञानाच्या छायाचित्रात तर कधी कधी सगळाच तिचा असतो.

हे पटत नसेल तर २९ मे १९१९ चे खग्रास सूर्यग्रहण आठवा. सूर्याच्या अगदी कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ कोनीय सेकंद इतका वळेल, असे आइन्स्टाइन यांचे भाकीत होते. एका अंशाचे ३६०० भाग केले, तर त्यांपैकी पावणेदोन भाग! ते तपासण्यासाठी एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेले आणि दुसरी तुकडी ब्राझीलमधील सोब्राल येथे गेली. त्यांना हवा होता तो सूर्य नव्हे, तर सूर्याभोवतीच्या काळ्या आकाशातले थोडेसे तारे. त्याच ताऱ्यांच्या, सूर्य तेथे नसताना घेतलेल्या छायाचित्रांशी तुलना करून त्यांचे सरकणे मोजले गेले. "चौकट भरून सूर्य घ्या," असा माझ्यासारखा सल्ला त्यांना कोणी दिला असता तर? सूर्याची प्रभा झकास आली असती आणि पुरावा चौकटीबाहेर गेला असता.

दुसरे उदाहरण १४ फेब्रुवारी १९९० चे. व्हॉयेजर-१ या यानाने सुमारे ६०० कोटी किलोमीटरांवरून पृथ्वीचे छायाचित्र घेतले. तेवढे अंतर कापायला प्रकाशालाही साडेपाच तास लागतात. त्या चित्रात पृथ्वी एका चित्रबिंदूपेक्षाही लहान आहे. तो ठिपका कापून मोठा केला तर काय दिसेल? एक फिकट चौकोन, बस्स. आपण किती लहान आहोत हे त्या ठिपक्यात नाही; ते आहे त्याच्याभोवतीच्या पोकळीत.

मग चौकट ठासून भरण्याची सवय आपल्याला लागली कोठून? मला वाटते, काटकसरीतून. फिल्मच्या एका रोळात छत्तीस चित्रे, धुण्याचे पैसे वेगळे, मग कागदाचा कोपराही वाया जाऊ नये असे वाटायचे. आता फोनवर शंभर चित्रे काढता येतात, पण ती सवय काही गेली नाही.

मोकळी जागा मिळवायला महाग कॅमेरा लागत नाही. वर्गात शिकलेले भौतिकशास्त्र पुरते. पिंपळाच्या जाळीदार पानाचे चित्र घ्यायचे आहे, पण मागच्या भिंतीवर कॅलेंडर आणि खुंट्या आहेत असे समजा. खोली अंधारी करा. एकच लहान दिवा पानापासून अर्ध्या मीटरवर एका बाजूला ठेवा. दिव्यापासून भिंत अडीच मीटरवर असू द्या. अंतर पाचपट, म्हणून व्यस्त वर्गाच्या नियमाने भिंतीवर प्रकाश पंचविसाव्या हिश्शाएवढा! फोनच्या पडद्यावर पानाला बोट लावून उजेड पानापुरता जमवा. भिंत अंधारात बुडेल. बाहेर असाल तर खाली बसा, म्हणजे फुलामागे झाडोऱ्याऐवजी आकाश येईल. फक्त उजळ आकाशामुळे कॅमेरा फसतो आणि फूल काळवंडते, तेव्हा उजेड थोडा वाढवून घ्या. उडणाऱ्या पक्ष्याच्या पुढे जागा सोडा, म्हणजे तो कोठे निघाला आहे ते कळेल.

पण म्हणून कोणतीही रिकामी जागा चांगली, असे समजू नका. एक सोपी कसोटी सांगतो. चित्राचा मोकळा भाग तळहाताने झाका. अर्थ बदलला नाही, तर तो भाग खुशाल कापा. अर्थ गेला, तर कात्री खाली ठेवा. बगळ्याच्या चित्रावर मी एवढे जरी केले असते, तरी पुढचे टळले असते.

आणखी एक गोष्ट मात्र ठासून सांगितली पाहिजे. नको असलेली वस्तू बोटाने पुसून टाकण्याची सोय आता फोनमध्ये आली आहे. वाढदिवसाच्या चित्रात हवे ते करा. पण विज्ञानाच्या प्रकल्पात अशी बनवलेली रिकामी जागा म्हणजे वहीत खोटे वाचन लिहिण्यासारखेच आहे. गाळात प्लॅस्टिकची पिशवी पडली असेल, तर तीही तळ्याची हकिकत सांगते. मोकळी जागा पायांनी शोधायची. पुढे, मागे, खाली, बाजूला सरकून. पुसून नव्हे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. एखाद्या मुलाने चौकटीत बरीच जागा मोकळी सोडली, तर "कापून टाक" म्हणण्याआधी "का सोडलीस?" असे विचारा. कदाचित त्याच्याकडे उत्तर तयार असेल. मी विचारले नव्हते. तो न कापलेला बगळा मी नंतर त्या मुलाकडून मागून घेतला. आज तो माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. कोणी चित्र दाखवायला आले, की मी आधी त्याच्याकडे पाहतो आणि मगच तोंड उघडतो.